दिसलं तरच पुकारायचं

आमचे घरमालक चंद्राला शिव्या द्यायचे. पहिल्याच दिवशी हे मला कुणी सांगितलं असतं तर मी आल्या पावली लातूरला परत गेलो असतो.

नांदेडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आलो होतो आणि खोली शोधत होतो. तोवर तीन घरमालकांनी जात, मटण आणि लग्न या तीन विषयांत माझी तोंडी परीक्षा घेऊन झाली होती. चौथे हे. विष्णुपुरीच्या रस्त्याला, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथं यांचं घर. दारात उभं राहून त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

"नंबर किती हाय?"

मी सांगितला. ते "चला" म्हणाले आणि जिना चढू लागले. जिन्यात दिवा नव्हता. बल्बच्या जागी नुसता होल्डर लोंबत होता. मी भिंत चाचपत गच्चीवर पोचलो. पाऊस अजून लागला नव्हता, आकाश मोकळं होतं. त्यांनी उत्तरेला बोट केलं.

"सप्तर्षी म्हाईत हायत?"

"हो."

"शेपटाकडून दुसरा तारा. त्याला चिकटून काय हाय?"

मी पाहिलं. "काही नाही."

"नीट बघा की."

"काही दिसत नाही हो मला."

"हाव!" ते एकदम खूश होऊन म्हणाले. "उद्या सामान आणा."

खोली मला अरुंधती न दिसल्यामुळे मिळाली, हे पुढं कळलं. माझ्या आधी आलेल्या सगळ्यांनी शिष्टाचार म्हणून "दिसली, अरुंधती दिसली" असं सांगितलं होतं. मग वरच्या अंगाला की खालच्या, किती जवळ, या उलटतपासणीत ते पडले आणि जिन्यानं खाली गेले.

मालक रेल्वेतून निवृत्त झालेले. मालगाडीचे ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, पण तो शब्द त्यांना खपत नसे. "पायलट वर असतो. आम्ही जमिनीवर ऱ्हाऊन वर बघतो." रेल्वेत ड्रायव्हरचे डोळे तपासून त्यांना वर्ग देतात. यांना शेवटपर्यंत ए-वन मिळाला होता. दुसरा एखादा माणूस मुलगा अमेरिकेत असल्याचं ज्या सुरात सांगेल, त्या सुरात ते सांगत, "माझे डोळे ए-वन." मालगाडीला कुणी वाली नसतो. एखाद्या आडस्टेशनाच्या बाजूच्या लाइनीवर ती तासन्तास उभी करून ठेवतात. तिथं हेडलाइट बंद करून बसल्या बसल्या हा माणूस आकाश शिकला. दोन डोळ्यांची जाडजूड दुर्बीण हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. तिचा पट्टा कधीच तुटला होता, त्या जागी सुटकेसचा पट्टा बांधलेला.

इंजिनात दोन माणसं असतात. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं पुकारायचा, दुसऱ्यानं स्वतः पाहायचा आणि मग तोच पुकारा परत द्यायचा. "हिरवा!" "हिरवा!" ही रीत मालकांनी जशीच्या तशी गच्चीवर आणली होती. बाजेवर उताणं पडायचं, कोपरांखाली उशा, दुर्बीण डोळ्यांना. ते पुकारत, "चित्रा, पांढरी!" दुर्बीणवाल्यानं पाहायचं, सापडली तर परत पुकारायचं. नाही सापडली तर "न्हाई" म्हणायचं. नाही म्हणणाऱ्याला ते दहा वेळा दाखवत, मान धरून दाखवत, प्रेमानं दाखवत. न पाहता पुकारणाऱ्याला मात्र क्षमा नव्हती.

"दिसलं तरच पुकारायचं, सर," ते मला म्हणाले होते. "न पाहता पुकारा दिला की माणसं मरतात."

मी म्हटलं, "ताऱ्यांमुळं कुणी मरत नाही."

"सवय लागते," ते म्हणाले. माझं आयुष्य भाषणं ऐकण्यात गेलं आहे, पण याहून थोडक्यात कुणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

उजेडाशी त्यांचं वैर होतं. निवृत्तीनंतर गावात मिळणारा प्लॉट सोडून ते इतक्या लांब आले ते काळोखासाठी. मे महिन्यात रात्री लाइट गेली की सगळी वस्ती हाय हाय करत अंगणात यायची आणि आमच्या गच्चीवरून आनंदाची आरोळी उठायची, "गेली! चला वर!" शेजारचे शिक्षक एकदा खालून ओरडले, "अहो, लेकरं उकडून मरून राहिलीत इथं!" त्यावर मालकांनी लेकरांना वर पाठवायला सांगितलं आणि सगळ्यांना वृश्चिकाची नांगी दाखवली. लेकरं उकाडा विसरली. शिक्षक विसरले नाहीत.

आणि चंद्र. शुद्ध पक्ष लागला की दुर्बीण कपाटात जायची. चंद्रापुढं तारे फिके पडतात हे खरंच, पण मालकांचा राग त्याहून खोल होता. "सोताचा उजेड न्हाई अन् रुबाब बघा," ते म्हणत. "पुढाऱ्यावानी. हा आला की बाकी कुणी दिसायचं न्हाई." दुर्बीण त्यांनी कधी चंद्राकडे वळवली नाही. मी एकदा सुचवलं, तर मी सत्यनारायणाला अंडं मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काकूंबद्दल आता सांगायला हवं.

काकू म्हणजे मालकांची बायको. ठेंगणी, तोंडानं तिखट. "सर, चहा घ्या आधी, आकाश कुठं पळून जात न्हाई." स्वयंपाक त्यांचा ऊन असतानाच उरकायचा. सूर्य मावळायच्या आत त्या गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसत, आणि मालक उठेपर्यंत जागच्या हलत नसत. मला ती भक्ती वाटायची. उतरताना मालक त्यांचा हात धरत. म्हाताऱ्या जोडप्याचं कौतुक वाटून मी दुसरीकडे पाहायचो. चांदण्या रात्री मात्र, म्हणजे मालक तोंड पाडून खाली बसलेले असत तेव्हा, काकू एकट्या गच्चीवर फिरत, गुणगुणत, वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत.

पुकाऱ्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुर्बीण डोळ्यांना लावली न लावली तोच "स्वाती, तांबूस!" असा खणखणीत पुकारा यायचा. मी घाम गाळून शोधत असताना हे ऐकणं जिवावर यायचं.

"रेल्वेत मला असा असिस्टंट मिळाला न्हाई," मालक म्हणायचे. मग लग्नाची गोष्ट यायची. नव्या भाडेकरूला ती ऐकावीच लागे, जुन्यांना परत ऐकावी लागे. हदगावकडच्या एका खेड्यात गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. अंधार पडल्यावर भटजींनी रीतीप्रमाणे नवरानवरीला अंगणात नेऊन अरुंधती दाखवली. "माझे डोळे ए-वन, तरी मला सापडायला येळ लागला. भटजीनं हिला इचारलं, दिसली का? ही लगेच म्हणली, दिसली! एका नजरेत! मी तवाच म्हणलं, ही बाई आपल्यापेक्षा वरच्या ग्रेडची हाय."

"बास की आता," काकू म्हणत आणि पदर सारखा करत. मी तो विनय समजत होतो. विनयाबद्दल माझं वाचन बरंच आहे, तरीही.

आमच्या प्राचार्यांचा प्रसंग याच गच्चीवर घडला. त्यांना कॉलेजात आकाशदर्शनाचा भव्य सोहळा करायचा होता. बॅनर छापून झालं होतं, तारे शोधायचे बाकी होते. मी भोळेपणानं मालकांचं नाव सुचवलं. प्राचार्य दोन प्राध्यापक, शाल आणि नारळ घेऊन पाहणीला आले. मालक बाज सरकवत होते तेवढ्यात प्राचार्यांनी स्टुलावरची दुर्बीण स्वतःच उचलली आणि आकाशाला लावली.

"अद्भुत!" ते म्हणाले. "विराट! माणूस किती क्षुद्र आहे!"

दोन्ही प्राध्यापकांनी माना डोलावल्या.

मालक जवळ गेले. "काय दिसून राहिलं साहेब?"

"असंख्य तारे."

"कोन्त्या अंगाला जास्त हायत?"

"सर्वत्र."

मालकांनी हात पुढं करून दुर्बिणीच्या पुढच्या काचांवरची दोन्ही टोपणं काढली आणि ती प्राचार्यांच्या तळहातावर ठेवली. "आता बघा."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. मालकही हसले नाहीत. ते खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, न्हाई दिसलं म्हणायला काय पैसे पडतात का? तुमची शाल घेऊन जा." पुढच्या सत्रात माझ्या तासिका निम्म्यावर आल्या.

शाल परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू माझ्या दाराशी आल्या. "सर, माणसाला असं चार लोकांत उघडं पाडू नये. तुम्ही सांगा त्यान्ला. माझं ऐकत न्हाईत."

"काकू, तुम्हाला प्राचार्यांची दया येते? ते त्याच लायकीचे आहेत."

"लायकीचं मी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदा तोंडातून गेलं की माणूस मागं कसं फिरणार? ह्यांच्यापुढं तर न्हाईच." एवढं बोलून त्या गेल्या. मी दार लावलं आणि आता तासिकांचं काय होणार याची काळजी करत बसलो.

नंतरच्या मे महिन्यातली ती रात्र. दिवसभर भाजून निघालेली गच्ची संध्याकाळी दोनदा पाणी मारून गार केली होती. वारं सुटून धूळ बसली होती, अमावस्या जवळ होती, आकाश धुतल्यासारखं. मालक रंगात होते. दक्षिणेला, शेतांच्या थोडं वर, लाखो ताऱ्यांचा एक पुंजका असतो. नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका, दुर्बिणीतून कापसाच्या बोंडासारखा. तो मला सापडत नव्हता.

"गोळा, धुरकट!" मालक पुकारले.

"न्हाई," मी म्हटलं.

"द्या इकडं," काकूंनी दुर्बीण घेतली, लावली. "गोळा, धुरकट!"

"बघा!" मालक मला म्हणाले. "बघा आणि शिका."

त्यांनी दुर्बीण परत माझ्या डोळ्यांना लावली, माझा खांदा धरून मला इंचाइंचानं फिरवू लागले. तेवढ्यात खाली फोन वाजला. लातूरला दिलेली त्यांची मुलगी याच सुमाराला फोन करायची, आणि ती तेव्हा पोटुशी होती. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"मी बघते," काकू म्हणाल्या.

मालकांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्यांनी काढला नाही. मलाही नेमका तेव्हाच पुंजका सापडला. मी "गोळा, धुरकट!" असं ओरडलो, मालकांनी माझी पाठ थोपटली, आणि जिन्यातून आवाज आला. आधी बांगड्यांचा, मग काहीतरी जड घसरत गेल्याचा. मग नुसता फोन वाजत राहिला.

मनगट मोडलं होतं आणि कपाळ भुवईवर फुटलं होतं. ऑटो मिळेपर्यंत मालक काकूंचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसले होते आणि मला सारखं विचारत होते, "असं कसं पडली? हिचे डोळे तर..."

दवाखान्यात प्लास्टर झालं. जखम डोळ्याजवळ होती म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण मुलगी होती. तिनं बॅटरीनं बाहुल्या पाहिल्या, मग तपासणीसाठी खोलीतला दिवा मालवला. बाहेरच्या पॅसेजचा उजेड दाराच्या फटीतून येत होता, मला सगळं बऱ्यापैकी दिसत होतं.

"आजी, माझा हात दिसतोय?"

काकूंनी मान आवाजाच्या दिशेला वळवली.

"आजी?"

"दिसतोय," काकू म्हणाल्या.

"किती बोटं?"

मी पाहत होतो. डॉक्टरांनी हात पुढं केलाच नव्हता.

"तीन," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी दिवा लावला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, हे कधीपासून आहे?"

"ल्हानपनापासून."

डॉक्टर मालकांकडे वळल्या. "यांना रातांधळेपणा आहे. जन्मापासूनचा दिसतो. उजेडात ठीक, अंधारात जवळजवळ काही नाही. तुम्हाला माहीत असेलच."

"न्हाई," मालक म्हणाले. "तुम्ही चुकून राहिले मॅडम. हिनं अरुंधती पाहिलेली हाय."

डॉक्टरांना काही कळेना. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी जमिनीकडे.

"सप्तर्षीतली," मालक समजावून सांगू लागले. "एका नजरेत. लग्नात. आन् आत्ता, घंट्याभरापूर्वी, तो गोळा... सांग की ग यान्ला."

काकूंनी डोळे मिटले. कपाळाच्या पट्टीतून लाल डाग वर आला होता.

"भटजी म्हणले दिसली म्हण, मी म्हणलं दिसली," त्या म्हणाल्या. "सगळ्याच पोरी म्हणतात. कुणाला दिसत असती ती? पण तुम्ही गावभर सांगत सुटले. पावण्यांत सांगितलं, क्वार्टरमधी सांगितलं. हिचे डोळे, हिचे डोळे. मग मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?"

"आन् एवढ्या वर्षांचं? चित्रा, स्वाती?"

"तुम्ही पुकारायचे. मी परत पुकारायची."

"अगं पण..."

"समद्यान्ला इचारता," काकूंचा आवाज चढला, "कोन्त्या अंगाला, वर का खाली, किती जवळ. मला इचारलं का कधी? एकदा? इचारलं असतं तर त्याच दिवशी सापडले असते मी. रोज भ्या वाटायचं, आज इचारतील. त्या टोपणाच्या दिवशी तर माझा जीवच गेला होता."

डॉक्टर मुलगी पाठमोरी होऊन उगाच कागद चाळत राहिली.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये यार्डातले मोठे दिवे रात्रभर जळायचे, आणि मालक बहुतेक रात्री गाडीवर. तिथं काकूंचं निभावलं. मग निवृत्तीनंतर या माणसानं शोधून शोधून जिल्ह्यातल्या सगळ्यात काळ्या जागी घर बांधलं आणि जिन्यातला बल्ब काढला. त्यांच्या त्या काळोखात आम्ही सगळेच चाचपडत होतो, म्हणून एका माणसाचं चाचपडणं कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या रात्री मालक दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसले. ट्यूब फडफडत होती. ते तिला काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असिस्टंटनं न पाहता पुकारा दिला तर त्याला चार्जशीट देतात, सर."

"हो."

"ड्रायव्हरनं कधी इचारलंच न्हाई तर?"

मी भाषेचा मास्तर. मी उठलो आणि दोन चहा घेऊन आलो.

काकू घरी आल्या त्याच दिवशी जिन्यात उजेड पडला. एक नाही, प्रत्येक वळणावर एक बल्ब, वर गच्चीच्या दारावर हातभर लांबीची ट्यूब. शेजारचे शिक्षक अंगणात येऊन पाहत उभे राहिले. "मालक, लग्न हाय का घरी?" दुर्बीण कपाटात गेली ती कृष्ण पक्षातच. लाइट जायची तेव्हा गच्चीवरून आरोळी यायची नाही. ते अंधाराआधी बॅटऱ्या चार्ज झाल्यात का ते तपासायचे. नवराबायकोत कामापुरतं बोलणं होतं. पाहुण्यांनी आणलेल्या मोसंब्या टोपलीत तशाच पडल्या होत्या. काकू मला एकदा म्हणाल्या, "आता उजेड लई झाला सर, पण घर अंधारल्यावानी वाटतंय."

पौर्णिमेच्या संध्याकाळी मालकांनी मला हाक मारली. अजून दिवस पुरता मावळला नव्हता. गच्चीवर बाज टाकलेली, काकू प्लास्टरचा हात गळ्यात बांधून बसलेल्या, आणि मालकांच्या हातात दुर्बीण. पूर्वेला शेतांच्या वर चंद्र नुकताच आला होता, मोठा, पिवळट.

"याच्याकडं?" मी न राहवून विचारलं.

"गप बसा," मालक म्हणाले.

त्यांनी दुर्बिणीची टोपणं काढून माझ्या हातात दिली. काकूंचा एकच हात चालत होता, म्हणून ते बाजेमागं उभे राहिले, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांपुढं धरली आणि चंद्राकडे वळवली. मी पुकाऱ्याची वाट पाहत होतो. पुकारा आला नाही.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. "पुकारा की."

"आज तू आधी," मालक म्हणाले. "दिसलं तर. न्हाई दिसलं तर न्हाई म्हण."

काकूंनी डोळे काचांना लावले. मालक दुर्बिणीवरचं चाक हळूहळू फिरवत होते.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

खाली शिक्षकांच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"काय दिसून राहिलं?" मालकांनी विचारलं. "कोन्त्या अंगाला?"

"मोसंबीवानी हाय," काकू सावकाश म्हणाल्या. "उजव्या अंगाला देठ तुटल्याची खूण. तिच्यापासून पांढऱ्या रेघा निघाल्यात, पार मधोमधपर्यंत. एक रेघ लई लांब हाय. अन् काळे डाग हायत, ते डावीकडं जास्त." त्या थांबल्या. "हे तुम्ही कधी सांगितलं न्हाई."

"मी कधी पाहिलंच न्हाई," मालक म्हणाले.

"मग बघा की आता."

त्यांनी दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना लावली. ए-वन डोळे. पाहिलं, दुर्बीण खाली घेतली, शर्टाच्या टोकानं मागच्या ओल्या काचा पुसल्या, परत लावली. परत खाली घेतली, परत पुसल्या.

काकू त्यांच्याच सुरात म्हणाल्या, "दिसली का मोसंबी? खरं सांगा. पाहिल्याबिगर पुकारायचं न्हाई."

"न्हाई," मालक म्हणाले. "काहीच दिसून न्हाई राहिलं."

टोपणं माझ्या मुठीत होती. दोन्ही.